हर्राशीचा आवाज आणि ग्राफिक्स कार्ड

२४ मे २०२४, शुक्रवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटे. बैठकीची खोली, कूलर चालू, पंखा तीनवर : ५८ डेसिबल.

ही माझ्या वहीतली पहिली नोंद. मोजमाप मोबाइलवरच्या एका साध्या अ‍ॅपने केले होते, आणि ते दोन-तीन डेसिबलने चुकणार, हे मी पानाच्या कोपऱ्यात लिहूनही ठेवले होते. मला अचूक आकडा नको होता, तुलना हवी होती. संगणकासाठी नवे ग्राफिक्स कार्ड घ्यायचे होते आणि त्याच्याकडून माझ्या दोनच अपेक्षा होत्या : ते ताकदवान असावे आणि ते ऐकू येऊ नये. या दोन अपेक्षांचे एकमेकींशी पटत नाही, हे ज्याने कधी संगणकावर मोठा खेळ खेळला आहे त्याला सांगावे लागणार नाही. चित्र जितके जिवंत, तितके कार्ड तापते. जितके तापते, तितके त्याचे पंखे जोरात फिरतात. आणि पंखे फिरू लागले की साऱ्या घराला कळते, मुलगी कामाला बसली.

खेळ हेच माझे काम आहे. भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केल्यावर मी पुण्यातल्या एका खेळ बनवणाऱ्या कंपनीत लागले आणि वर्षभराने घरून काम करण्याची परवानगी मिळवून सिरसाळ्याला परतले. खेळातल्या नदीला उतार कळावा, धुळीला वारा कळावा, धूर भिंतीतून आरपार जाऊ नये, अशी गणिते मी लिहिते. शुक्रवार, शनिवार आणि रविवार या तीन दिवशी संध्याकाळी सात ते नऊ बाहेरचे हौशी खेळाडू आमचा अर्धवट झालेला खेळ खेळून पाहतात. त्या दोन तासांत माझा संगणक पूर्ण ताकदीने चालू असावा लागतो. खेळाडूंना सवड असते तेव्हाच ही चाचणी होते. वेळ बदलणे माझ्या हातात नव्हते. पुढच्या वर्षी या गटाचे प्रमुखपद मिळवायचे, असे मी ठरवले होते, त्यामुळे ती बदलून मागण्याची माझी इच्छाही नव्हती.

संगणक ठेवायला घरात एकच जागा होती : बैठकीच्या खोलीतला, प्लायच्या आडोशामागचा कोपरा. स्वयंपाकघरात वाफ, आणि वरची पत्र्याची खोली दिवसभर तापते ती उशिरापर्यंत निवत नाही. जुन्या कार्डाला दोन लहान पंखे होते. ते पूर्ण वेगात आले की बाबा विचारत, "तिकडं दळण टाकलंय का गं?"

पूर्वी हा प्रश्न आडोशापलीकडून यायचा. त्या वर्षी तसा येत नव्हता. बाबा जागेवरून उठत, आडोशाच्या कडेला येऊन उभे राहत, मी वळून पाहीपर्यंत थांबत आणि मग विचारत.

बाबांनी तीस वर्षे मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, लिलावाची हर्राशी पुकारली. तुरीच्या, हरभऱ्याच्या, सोयाबीनच्या ढिगाशेजारी उभे राहून बोली वर वर नेताना त्यांचा आवाज मोंढ्याच्या भिंतीबाहेर, रस्ता ओलांडून आमच्या वस्तीपर्यंत येई. आई म्हणायची, "भाव कळतो, कुठल्या ढिगापाशी हायेत ते कळतं, फकस्त घरी कवा येनार तेवढं कळत न्हाई." निवृत्त झाल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांच्या गळ्यातली थायरॉइडची गाठ काढावी लागली. गाठ साधी निघाली. पण स्वरयंत्राकडे जाणारी एक नस दुखावली आणि दोन स्वरतंतूंपैकी एक सुस्त पडला. असे होऊ शकते, हे आम्हाला आधीच सांगितलेले होते. त्यामुळे रागावायलाही कोणी उरले नव्हते. बाबांचा आवाज भात्याला चीर गेलेल्या पेटीसारखा झाला. वारा पुष्कळ, सूर थोडा. आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्यांना एकच गोष्ट तीनदा बजावली होती : जोर लावायचा नाही. हळू बोललात तर आवाज वर्ष-दोन वर्षांत पुष्कळ भरून येईल. जोर लावलात तर मिळवलेलेही जाईल.

तीस वर्षे जोर लावण्याचीच नोकरी केलेल्या माणसाला हे सांगणे म्हणजे काय, ते मी दीड वर्ष पाहत होते. ते हळू बोलायला शिकले नाहीत. ते बोलायचे कमी झाले.

आमच्या वस्तीत वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने रोज संध्याकाळी बुद्धविहारात धम्मग्रंथाचे वाचन होते. आषाढी पौर्णिमेला सुरू होते आणि आश्विन पौर्णिमेला संपते. बाबा ते पंधरा वर्षे करत आले होते. आदल्या वर्षी शस्त्रक्रियेमुळे दुसऱ्यांनी केले. आता विहाराचे छत नव्याने घालायला काढले होते, म्हणून वाचन आमच्या बैठकीत करावे असे वस्तीतल्या मंडळींनी सुचवले. आईने लगेच होकार दिला. मग कोणीतरी विचारले, "वाचणार कोण?" बाबांनी हात पुढे केला आणि ग्रंथ आपल्या मांडीवर घेतला.

माइक लावू, असे मी नंतर सुचवून पाहिले. बाबा आडोशाच्या कडेला आले.

"मोंढ्यात हजार मानसं असायची. तिथं न्हवता माइक. आन् आता घरात, वीस मानसांपुढं माइक?"

"बाबा, डॉक्टरांनीच..."

"डाक्टरनं हळू वाच म्हनलंय. माइक लाव न्हाई म्हनलं."

तर प्रश्न असा होता. वाचन साडेसातला, बैठकीत. चाचणी सात ते नऊ, त्याच बैठकीत, प्लायच्या आडोशामागे. दोन्हींच्या मध्ये बाबांचा उरलेला आवाज. मी विज्ञानाची विद्यार्थिनी; प्रश्न मांडता आला की निम्मा सुटला, असे मला तेव्हा वाटायचे.

मी व्यवस्थितपणे कामाला लागले. जुलैत कूलर नसतो हे ध्यानात घेऊन सकाळी सहा वाजता, कूलर बंद ठेवून, पंखा दोनवर ठेवून मोजले : ४२. मग बाबांना खुर्चीत बसवून वर्तमानपत्र वाचायला लावले आणि मागच्या भिंतीशी, जिथे शेवटची रांग बसणार, तिथे मोबाइल धरला : ४५. पंख्याच्या आवाजात ३६ डेसिबलचा संगणक मिसळला तर एकूण आवाज जेमतेम एका डेसिबलने वाढतो. म्हणजे ३६च्या आत राहील असे कार्ड पुरे होते. मी हे गणित आईलाही समजावून सांगितले. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतले आणि म्हणाली, "म्हंजे तुज्या मिशिनीपेक्षा पंखा जास्त वरडतो, एवढंच ना?" एवढेच होते.

परळीत एका जुन्या गाळ्यात संगणकाचे दुकान आहे. मालक कपाळाला भस्माचे तीन आडवे पट्टे लावून गल्ल्यावर बसतात. त्यांचे आजोबा त्याच गाळ्यात पितळेची भांडी विकत. त्यांच्याकडे मला हव्या त्या ताकदीची दोन कार्डे होती. पहिले आटोपशीर, दोन पंख्यांचे, पूर्ण भाराला दोनशे वॅट वीज घेणारे, कडेने रंगीत दिवे लावलेले. दुसरे तीन पंख्यांचे, फरशीएवढे जड, दोनशे पंच्याऐंशी वॅटचे, आणि दिव्यांच्या नावाने शून्य.

"हे न्या ताई," काका दुसऱ्याला थोपटत म्हणाले. "लई दमदार हाय. पोरं येतात, बघतात, म्हनतात काका हे तर इटीसारखं दिसतंय, लाईटच न्हाई. आन् जातात. पावसाळ्यापासून पडून हाय."

"कुठल्या पावसाळ्यापासून?"

"ते नका इचारू."

मी नाकारले. जास्त वॅट म्हणजे जास्त उष्णता, जास्त उष्णता म्हणजे जास्त हवा, जास्त हवा म्हणजे जास्त आवाज. हे सगळे सरळ होते. मी पहिले कार्ड घेतले, ९ जूनला बसवले, पूर्ण भाराला आडोशापलीकडे मोजले : ३६. अगदी काठावर, पण आत. मी त्या आकड्याखाली रेघ ओढली. दिवे मात्र बंद करून टाकले.

१७ जुलैला, बुधवारी, बाबांनी तालीम करायची ठरवली. त्या दिवशी चाचणी नव्हती, पण मीही तालीम म्हणून खेळ पूर्ण ताकदीने चालू ठेवला. आईने सतरंजी अंथरली, प्रतिमांसमोर मेणबत्त्या लावल्या आणि स्वतः मागच्या भिंतीशी जाऊन बसली. वंदना झाली. बाबांनी वाचायला सुरुवात केली.

पहिला परिच्छेद छान गेला. आवाज बारीक होता, पण वाक्ये पूर्ण होत होती. मग माझ्या कार्डाचे पंखे वेगात आले. मी आडोशामागून ऐकत होते. बाबांचा आवाज किंचित चढला. मग आणखी थोडा. त्यांना ते कळतही नसावे. दुसऱ्या पानाच्या मध्यावर तो खरखरला, एका शब्दावर तुटला, पुढच्या शब्दावर आलाच नाही. त्यांनी पाणी पिऊन पुन्हा प्रयत्न केला. नुसता वारा आला.

मी कडेने डोकावले, तेव्हा बाबांनी ग्रंथ मिटला, कपाळाला लावला आणि बाजूला ठेवला. मग आडोशाच्या कडेला न येता, बसल्या जागेवरूनच, ओठ हलवून आईला काहीतरी म्हणाले. ते मला ऐकू आले नाही. आईने नंतर सांगितले : "यंदाबी दुसऱ्यानंच वाचू दे, म्हनले."

मी बाहेर आले आणि मला पहिल्यांदा जाणवली ती खोलीतली घुसमट. जुलैचा दमट उकाडा होता आणि पंखा फिरत नव्हता.

"पंखा कावून बंद?" मी विचारले.

आईने माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, जणू मी अंगणवाडीतले मूल आहे. "मेनबत्त्या लावल्या की पंखा बंद करतो ना गं आपन. इझतील न्हाई का? जल्मापासून बघतीस की तू."

जन्मापासून बघत होते. लहानपणी वंदनेच्या वेळी पंखा बंद करायला स्टुलावर चढून बटण दाबण्याचे काम माझेच होते. आणि तरीही मी पंखा चालू ठेवून मोजले होते, कारण प्रयोग करताना मी आमच्या घरात राहिले नव्हते, एका कल्पित खोलीत राहिले होते. तिथे मेणबत्त्या नव्हत्या.

आकडे चुकले होते, पण केवळ तेवढेच असते तर ते सोपे होते. पंखा बंद असताना खोली शांत होते, म्हणजे उलट बाबा अधिक ऐकू यायला हवे होते. मग आवाज का तुटला? मी वही घेऊन बसले आणि मे महिन्यातल्या त्या ४५ कडे पाहत राहिले. बाबांना मी पंख्याखाली बसवून वाचायला लावले होते. मोंढ्यातला माणूस, भोवती गलका असला की त्याचा आवाज आपोआप चढतो. त्या सकाळी ते पंख्याशी हर्राशी खेळले होते, आणि त्या जोर लावलेल्या आवाजालाच मी त्यांचा आवाज समजून आकडा टिपला होता. एका मिनिटाच्या वाचनात ते निभावले. दोन पानांत निभावले नाही. शांत खोलीत ते हळू सुरू करत होते आणि माझे यंत्र त्यांना गलका पुरवत होते. कार्ड बाबांना नुसते झाकत नव्हते. कार्ड त्यांना ओरडायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाबा व्यायाम म्हणून हळू आवाजात अंक मोजत होते, तेव्हा मी आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या दाखवणारे अ‍ॅप उघडले. त्यांच्या आवाजातला खालचा, भरदार भाग जवळजवळ नाहीसा झाला होता. उरला होता तो वरचा, श्वासाचा, सळसळता भाग. मग कार्ड चालू करून मोजले. लहान पंखे वेगाने फिरताना जी सूं निघते, ती नेमकी त्याच पट्टीत होती. आवाज किती, एवढेच मी मे महिन्यात विचारले होते. कुठला, हे विचारले नव्हते.

तिथून पुढे उत्तर सोपे होते आणि ते परळीच्या गाळ्यात धूळ खात पडले होते. मोठे पंखे हळू फिरले तर खालच्या पट्टीत घुमतात. त्या पट्टीत बाबांचे काही उरलेले नव्हते, म्हणून तिथे भांडणही नव्हते. आणि दोनशे पंच्याऐंशी वॅट ही त्या कार्डाची कमाल मर्यादा होती, सक्ती नव्हती. त्याला एकशे सत्तरवर बांधून ठेवले तर थोडा वेग जाईल, तरीही ते माझ्या कार्डाच्या पुढेच राहील; आणि पूर्ण भारासाठी घडवलेला त्याचा तो फरशीएवढा धातू निम्म्याच्या जरा वरच्या भाराला थंड राहील. बैलगाडीभर ओझे ओढू शकणाऱ्या बैलाला दोन पोती दिली तर तो धापा टाकत नाही. मी जूनमध्ये बैलाकडे पाहिलेच नव्हते. फक्त गाडीवर किती मावते ते वाचले होते.

गुरुवारी दुपारी मी कार्ड खोक्यात घालून परळीला गेले.

"जळलं का ताई?" काकांनी खोके पाहताच विचारले.

"नाही काका. उत्तम चालतं."

"मग वापस कावून?"

"आवाज करतं."

त्यांनी ते दुकानातल्या संगणकाला जोडले, चालू केले, कान लावला. बाहेर ट्रक, आत झेरॉक्सचे यंत्र, डोक्यावर पंखा. "कुठं हाय आवाज? मला तर काईच येईना."

"काका, पाच मिनिटं शटर खाली घ्या. झेरॉक्स बंद, पंखा बंद."

"ताई, भर दुपारी शटर लावलं तर लोकं म्हनतील कोन गेलं."

पण त्यांनी लावले. अंधारात आम्ही दोघे आणि झेरॉक्ससाठी आलेले एक गृहस्थ घाम पुसत उभे राहिलो. कार्ड भाराला आले.

"आलं," काका म्हणाले. "सूं करतंय. आमच्या घरी कुकर शिट्टी व्हायच्या आधी करतो तसं."

"मला फाईल जोडायची होती," गृहस्थ म्हणाले. "उघडता का?"

शटर वर गेल्यावर मी त्यांना बाबांविषयी सांगितले. मला अदलाबदलीसाठी कारण द्यायचे होते, सहानुभूती मागायची नव्हती. पण पूर्ण ऐकायच्या आतच ते फळीकडे गेले होते.

"तुरीची हर्राशी पुकारायचे ते? उंच, पांढरा सदरा?" त्यांनी ते जड कार्ड खाली काढून फडक्याने पुसले. "आमच्या वडलांसंगं मी मोंढ्यात गेलतो लहानपनी. कान दुखायचे राव त्यांच्या आवाजानं." मग म्हणाले, "घेऊन जा हे. तुमचं लाईटवालं उद्या इकतंय बघा. माझी फळी मोकळी, तुमची चिंता मोकळी. पन एक इचारतो, हे वापस आननार न्हाई ना?"

"मोजून पाहते आणि सांगते."

"मोजा. पन वापस आनू नका."

शुक्रवारची चाचणी मी घरी पडून असलेल्या मूळ जुन्या कार्डावर उरकली, कारण नवे कार्ड संगणकाच्या पेटीत बसेना. लांबी बत्तीस सेंटिमीटर, आतली जागा साडेतेहतीस. पण मधे तारांचा गुंता. शनिवारी सकाळी तारा सोडवून, मागून वळवून, ते शेवटी बसवले. वजनाने ते पुढच्या टोकाला झुकत होते. आईने शिवणाच्या डब्यातून लाकडी रीळ काढून दिले. ते खाली उभे केले आणि कार्ड सरळ झाले. वीज एकशे सत्तरवर बांधली, पंख्यांना हळू वेगाची मर्यादा घातली, पडद्यावरची चित्रे सेकंदाला साठच्या वर जाऊ नयेत असे बंधन घातले.

मग दारे लावली, पंखा बंद केला, मेणबत्त्या लावल्या. खोली नुसती : २९. खेळ पूर्ण भाराला : ३१.

मी ते तीनदा मोजले. तिन्ही वेळा तेच आले, आणि मी वही मिटली.

बाबांना काही सांगायचे नाही, असे आईचे आणि माझे ठरले. ते तालमीनंतर वाचनाविषयी बोलतच नव्हते. वस्तीतल्या एका शिक्षकाला वाचायला सांगा, एवढे मात्र त्यांनी आईला सांगून ठेवले होते. शनिवारी संध्याकाळी सात वाजता चाचणी सुरू झाली. पलीकडे बाबा व्यायाम करत बसले होते, ओठ मिटून, हलका घुमारा काढत. आईने ठरल्याप्रमाणे मेणबत्त्या लावल्या, पंखा बंद केला. अर्धा तास गेला. मग बाबा आडोशाच्या कडेला आले.

"आज सुट्टी हाय का तुला?"

"नाही. चालू आहे."

"काय चालू हाय?"

मी पडदा त्यांच्याकडे वळवला. पडद्यावर नदीला पूर आला होता आणि सात खेळाडू एका पडक्या पुलावरून धावत होते. बाबांनी नदीकडे पाहिले नाही. ते वाकले, संगणकाच्या पेटीमागे तळहात धरला आणि तसाच धरून राहिले.

"गरम वारं येतंय," ते म्हणाले.

"येणारच."

"आवाज न्हाई."

"नाही."

ते अजूनही हात तिथेच धरून होते. "बुधवारी होता," ते म्हणाले. "सूं होता. मला वाटलं माझ्याच कानात हाय. म्हनलं आता आवाज गेला तसा कानबी गेला."

हे मला माहीत नव्हते. तीन दिवस ते हे एकटेच बाळगून होते. मी त्यांना सांगितले की कान शाबूत आहेत, चूक माझी होती, मी पंखा चालू ठेवून मोजले होते. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकले. मग म्हणाले, "येवढी शिकलीस, आन् मेनबत्ती इसरलीस?" आणि हसले. त्यांचे हसणे त्या दिवसांत बिनआवाजाचे असायचे, फक्त खांदे हलत.

पलीकडे जाऊन त्यांनी ग्रंथ उघडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. त्यांनी कोणासाठी नाही, स्वतःपुरते एक पान वाचले, अगदी हळू. नंतर आईला म्हणाले, "मास्तरला सांग, उद्या यायची तसदी घेऊ नको. म्हंजे ऐकायला ये म्हनावं."

रविवारी, २१ जुलैला, आषाढी पौर्णिमेला, सतरंजी पुरली नाही. मागच्या बाजूला पोती पसरावी लागली. तेवीस माणसे होती. सात वाजता मी आडोशामागे बसले, एका कानावर हेडफोन, दुसरा कान मोकळा. साडेसातला पंखा बंद झाला, वंदना झाली, सगळे हातातल्या कागदांनी वारा घेऊ लागले, आणि मग आईने हात वर केला तसे तेही थांबले.

बाबांनी वाचायला सुरुवात केली.

मी आकडे टिपायचे ठरवले होते : दर पाच मिनिटांनी एक, बाबा श्वास घ्यायला थांबले की. पहिल्या दोन नोंदी आहेत, ३१ आणि ३१. नंतरच्या नाहीत. मी ऐकत होते. आवाज बारीक होता, श्वास जास्त, पण तो चढत नव्हता. पंधरा वर्षांत कधी वाचले नव्हते इतके हळू बाबा वाचत होते, आणि त्या हळूपणामुळे वाक्यांचे सांधे दिसत होते. खेळातली नदी माझ्या डोळ्यांसमोर नीट वाहत होती. तिकडे माझे लक्ष चाळीस टक्क्यांहून अधिक नव्हते.

चौथ्या पानावर मागच्या भिंतीपासून एक खणखणीत आवाज आला. "भाऊ, थांबा. एक ओळ गिळली तुमी."

ती आमच्या गल्लीच्या टोकाला राहणारी म्हातारी होती. तिला वाचता येत नाही. पण ग्रंथ ती इतके वर्षावास ऐकत आली आहे की तिच्यासमोर ओळ चुकवणे शक्य नाही.

"कुठं?" बाबांनी विचारले.

"आता जी वाचली त्याच्या आधी. 'म्हणून' येतं तिथं."

पाने सळसळली. बाबांनी बोट फिरवले. "हाय की. सुटली खरी."

"मावशे," पुढच्या रांगेतली एक बाई मागे वळून म्हणाली, "तुला तिथं भिताडापाशी ऐकू येतंय व्हय?"

"न यायला काय झालं? मी काय भैरी हाय का?" म्हातारी उसळली. "भाऊ, तुमी वाचा. ह्यांचं चालायचंच."

सगळी बैठक हसली. बाबाही हसले असावेत. मला आडोशाच्या फटीतून त्यांचा फक्त हात दिसत होता, आणि त्यांचे हसणे ऐकू येणारे नव्हते. माझ्या हेडफोनमधून गटप्रमुख विचारत होते की मी आहे ना, दोन मिनिटे झाली माझा प्रतिसाद नाही. मी म्हणाले, "आहे." 

बाबांनी सुटलेली ओळ वाचली आणि पुढे गेले. मध्ये दोनदा ते कोमट पाण्यासाठी थांबले. तेवढ्यात मंडळींनी आपसात चर्चा केली, आणि कोणीही त्यांना पुन्हा सुरू करण्याची घाई केली नाही. साडेआठच्या सुमाराला त्यांनी ग्रंथ मिटला. सर्वांनी 'साधु, साधु, साधु' म्हणून साधूकार दिला. त्यातला बाबांचा आवाज वेगळा काढता येत नव्हता, आणि तो तुटलेला नव्हता म्हणूनच येत नव्हता.

नऊ वाजता चाचणी संपवून मी बाहेर आले. आई सतरंजी गुंडाळत होती. पंखा पुन्हा फिरत होता. बाबा दारात उभे राहून मास्तरांशी बोलत होते, गप्प होण्यापूर्वी बोलायचे तितके. मी ग्रंथ हातात घेतला, त्यांनी खुणेसाठी घातलेला दोरा पाहिला, सुरुवातीपासून तिथपर्यंत पाने मोजली आणि वहीत त्या तारखेपुढे लिहिले : ११.